पॅसिव्ह व्हॉइस: काळ बारा, मग तक्त्यात आठच का?

चौकटराजा
इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा एक तक्ता असतो. काळ बारा, पण पॅसिव्ह आठांचंच दिलेलं. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, पास्ट परफेक्ट कंटिन्युअस, फ्यूचर कंटिन्युअस आणि फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस या चार ओळींसमोर नुसती रेघ. नवशिक्यांसाठी टिपणं तयार करतोय आणि तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. त्या चार ठिकाणी पॅसिव्ह होतच नाही, की होतं पण कुणी वापरत नाही?
२. 'बीइंग' कुठे आणि 'बीन' कुठे, हा गोंधळ तक्ता पाठ असलेल्यांचाही होतो. एका नियमात बसवता येईल का?
३. मराठीतल्या कर्मणी प्रयोगाशी तुलना करून शिकवावं का? की त्याने गुंता वाढतो?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. नुसता तक्ता चिकटवू नये, तो माझ्याकडे आहे.

कानामात्रा
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की तक्ता लागतच नाही.

पॅसिव्हमध्ये मुख्य क्रियापद कायम तिसऱ्या रूपात असतं: रिटन, ब्रोकन, टेकन. काळ कुठलाही असो, त्याला हात लागत नाही. काळाचा सगळा भार 'बी' उचलतो. म्हणून ॲक्टिव्ह वाक्यात एकच गोष्ट बघायची: मुख्य क्रियापद कुठल्या रूपात आहे? 'बी'ला त्याच रूपात घालायचं आणि पुढे तिसरं रूप जोडायचं. आधीची सहायकं जागच्या जागी राहतात.

'शी इज रायटिंग द रिपोर्ट' घ्या. 'राइट' आयएनजी रूपात आहे. 'बी'चं आयएनजी रूप 'बीइंग'. म्हणून 'द रिपोर्ट इज बीइंग रिटन'.

'शी हॅज रिटन द रिपोर्ट' यात 'राइट' तिसऱ्या रूपात आहे. 'बी'चं तिसरं रूप 'बीन'. म्हणून 'द रिपोर्ट हॅज बीन रिटन'.

'शी विल राइट' मध्ये मूळ रूप आहे, म्हणून 'विल बी रिटन'. 'शी राइट्स' म्हणजे साधा वर्तमान, म्हणून 'इज रिटन'. 'शी रोट' म्हणजे साधा भूत, म्हणून 'वॉज रिटन'. 'विल हॅव रिटन'चं 'विल हॅव बीन रिटन'. कॅन, मस्ट, शुड, मे यांनाही हेच लागू पडतं: 'मस्ट राइट'चं 'मस्ट बी रिटन', 'शुड हॅव रिटन'चं 'शुड हॅव बीन रिटन'. 'इज गोइंग टू राइट' असेल तर 'इज गोइंग टू बी रिटन'.

ज्यांचा गोंधळ होतो ते 'बीइंग' आणि 'बीन' हे दोन स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करतात. ती एकाच क्रियापदाची दोन रूपं आहेत, रायटिंग आणि रिटनसारखीच. एवढं समजलं की 'द रिपोर्ट इज बीन रिटन' ही चूक होत नाही, कारण 'इज'नंतर 'रिटन' आलं तर ते पॅसिव्ह असतं आणि 'रायटिंग' आलं तर चालू काळ. 'बीन'ला तिथे जागाच नाही.

वेलांटी
वा! एक भर. 'बी' आणि 'हॅव' नव्या कर्त्याशी जुळतात, जुन्याशी नाही. 'शी हॅज रिटन द लेटर्स'चं 'द लेटर्स हॅव बीन रिटन' होतं. 'हॅज' तसंच उतरवून ठेवणं ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक. कारण सरळ आहे: डोळा डावीकडून उजवीकडे नकलत जातो, आणि कर्ता बदललाय हे 'हॅज' लिहून झाल्यावर लक्षात येतं. म्हणून आधी नवा कर्ता लिहा, तो एक की अनेक हे ठरवा, मगच पुढे जा.

रफार
कानामात्रांचा नियम चोख आहे. पण माझ्या मते खरी अडचण रूपांची नाही. 'बी' आणि तिसरं रूप सगळे शिकतात. चुकतं ते त्याआधीच: या क्रियापदाचं पॅसिव्ह होतं का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

कर्म नसेल तर पॅसिव्ह नाही. हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय, स्लीप, एक्झिस्ट, डिसअपिअर, एवढी यादी तरी डोळ्यांसमोर हवी. 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' ही मराठी माणसाची खास चूक, आणि तिची दोन कारणं आहेत. एक, 'झाला होता' मधला 'होता' मनात 'वॉज' होऊन बसतो. दोन, अपघात कुणी मुद्दाम करत नाही, तो होतो, म्हणजे कर्ता नाही, म्हणजे पॅसिव्ह, असा उलटा तर्क. पॅसिव्हचा कर्ता कधीकाळी कुणाचं तरी कर्म असावा लागतो. 'समवन हॅपन्ड द ॲक्सिडेंट' असं वाक्य बनत नाही, मग त्याचं पॅसिव्ह कुठून येणार? ही कसोटी दोन सेकंदांत लावता येते.

कर्म दिसत असूनही पॅसिव्ह न होणारी क्रियापदं वेगळीच: हॅव, लॅक, रिझेंबल, सूट, कॉस्ट, बिकम. 'अ कार इज हॅड बाय मी' असली वाक्यं सरावाच्या वह्यांत सर्रास सापडतात. ती चूक आहेत.

आधी_कर्म
रफार, तुमची यादी क्रियापदांची आहे. ती अर्थांची हवी. 'वे' घ्या. 'द पार्सल वेज टू किलोज' याचं पॅसिव्ह नाही, कारण 'टू किलोज' हे माप आहे, कर्म नव्हे. पण 'द क्लार्क वेड द पार्सल' याचं 'द पार्सल वॉज वेड' अगदी बिनदिक्कत होतं. क्रियापद तेच. 'फिट'चंही तसंच: 'द शर्ट फिट्स मी' पलटत नाही, पण 'द मेकॅनिक फिटेड अ न्यू पंप' पलटतं. आणि 'अ गुड टाइम वॉज हॅड बाय ऑल' हा रुळलेला वाक्प्रयोग 'हॅव'ची तुमची बंदीही मोडतो.

रफार
@आधी_कर्म, 'वे' आणि 'फिट'बद्दल मान्य, यादीपेक्षा ही कसोटी बरी: काही केलं गेलं का, की नुसता गुणधर्म सांगितला? 'हॅड बाय ऑल' मात्र ठरीव आहे, त्यावरून नवी वाक्यं बनवता येत नाहीत. नवशिक्याला तो अपवाद शिकवू नये.

तळटीप
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठी कर्मणी म्हणजे इंग्रजी पॅसिव्ह, हे समीकरण फार नुकसान करतं.

'तिने अहवाल लिहिला' हा मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग. का? कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: अहवाल लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं. पण इंग्रजीत हे 'शी रोट द रिपोर्ट', म्हणजे चोख ॲक्टिव्ह. कर्ती जागेवर आहे, वाक्य तिच्याबद्दलच आहे. 'तिने मुलांना शिकवलं' हा भावे प्रयोग, तोही इंग्रजीत ॲक्टिव्ह. 'मला ही पेटी उचलवते' हा शक्य कर्मणी, इंग्रजीत 'आय कॅन लिफ्ट धिस बॉक्स'. 'त्याचा अहवाल लिहून झाला' हा समापन कर्मणी, इंग्रजीत 'ही हॅज फिनिश्ड रायटिंग द रिपोर्ट'. सगळे ॲक्टिव्ह.

प्रयोग ठरतो क्रियापद कुणाशी जुळतं यावर. व्हॉइस ठरतो कर्त्याच्या जागी कोण बसलंय यावर. मराठीत भूतकाळातल्या पूर्ण क्रियेत सकर्मक क्रियापद कर्माशी जुळतं, ही या भाषेची घडण आहे, त्यात कर्त्याला मागे ढकलण्याचा हेतू नाही. म्हणून कर्मणी दिसला की पॅसिव्ह करायचं, असं शिकवलं तर साधी भूतकाळी वाक्यंसुद्धा मुलं 'द रिपोर्ट वॉज रिटन बाय हर' अशी लिहायला लागतात. व्याकरण बरोबर, इंग्रजी अवघडलेलं.

पॅसिव्हला खरा जोडीदार एकच, तो म्हणजे नवीन कर्मणी: 'अहवाल लिहिला गेला.'

अर्धाचहा
म्हणजे 'मी चिठ्ठी लिहिली' हे मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह. हे एवढं स्पष्ट कुठल्याच वर्गात सांगत नाहीत. मग मराठी मध्ये आणूच नये ना?

तळटीप
@अर्धाचहा, नाही, उलट आणावीच. फक्त 'जाणे' लावून आणावी. हे पाहा:

लिहिला जातो – इज रिटन
लिहिला जात आहे – इज बीइंग रिटन
लिहिला गेला – वॉज रिटन
लिहिला जात होता – वॉज बीइंग रिटन
लिहिला गेला आहे – हॅज बीन रिटन
लिहिला गेला होता – हॅड बीन रिटन
लिहिला जाईल – विल बी रिटन
लिहिला गेलेला असेल – विल हॅव बीन रिटन

कानामात्रा म्हणाले तेच इथे दिसतं. 'लिहिला'चा काळ बदलत नाही, काळ 'जाणे' दाखवतो. 'जात' आलं की 'बीइंग', 'गेला' नंतर 'आहे' किंवा 'होता' आलं की 'बीन'. ज्याच्या कानात मराठी आहे त्याला हे पाठ करावं लागत नाही. एकच फरक: मराठीत 'लिहिला, लिहिली, लिहिलं' असं लिंग-वचन बदलतं, इंग्रजीत 'रिटन' तसंच राहतं.

चौकटराजा
तळटीप, ही आठ ओळींची जोडी थेट टिपणांत जाणार. आणि आठच ओळी झाल्या, हेही लक्षात आलं! पहिला प्रश्न विसरू नका बरं.

किल्लीवाला
दोन कर्मांच्या वाक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. 'दे गेव्ह मी द की' याची दोन पॅसिव्ह होतात: 'आय वॉज गिव्हन द की' आणि 'द की वॉज गिव्हन टू मी'. पहिलं जास्त चालतं, कारण माणूस पुढे येतो. मराठीत 'मला किल्ली दिली गेली' यात 'मला' चतुर्थीतच राहतो, 'मी' होत नाही. त्यामुळे 'आय वॉज गिव्हन' म्हणजे 'मीच दिला गेलो' असं वाटून लोक बिचकतात. बिचकू नये. गिव्ह, ऑफर, शो, टीच, टेल, पे, सेंड, प्रॉमिस या सगळ्यांना हे चालतं.

मात्र एक्सप्लेन, सजेस्ट, से, डिस्क्राइब, अनाउन्स यांना चालत नाही. 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल' चूक, 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी' बरोबर. ओळखायचं कसं? ॲक्टिव्हमध्ये माणूस क्रियापदाला 'टू'शिवाय चिकटतो का ते बघा. 'टेल मी' म्हणतो, म्हणून 'आय वॉज टोल्ड'. 'से मी' म्हणत नाही, म्हणून 'आय वॉज सेड' नाही.

वेलांटी
याच जातीचं अजून एक: 'लुक आफ्टर', 'लाफ ॲट', 'डील विथ' यांचं शेपूट पॅसिव्ह करताना लोकांच्या हातून चुकून गळतं. 'द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हर ऑन्ट' यात 'आफ्टर' आणि 'बाय' शेजारी शेजारी येतात, दोन शब्दयोगी एकत्र कसे म्हणून लोक एक खोडतात. दोन्ही हवेत. पहिला क्रियापदाचा, दुसरा कर्त्याचा.

आणि 'मेक'. 'दे मेड हिम वेट' यात 'टू' नाही, पण 'ही वॉज मेड टू वेट' यात 'टू' परत येतो. 'सी' आणि 'हिअर'चंही तसंच: 'ही वॉज सीन टू क्रॉस द रोड'. 'लेट'चं पॅसिव्ह या अर्थी करूच नये, 'वॉज अलाउड टू' वापरावं.

मोकळीओळ
'बाय'चं वेड कमी करा असंही टिपणांत लिहा. साधन असेल तर 'विथ': 'द रोप वॉज कट विथ अ नाइफ'. 'नोन टू', 'कव्हर्ड विथ', 'इंटरेस्टेड इन' हे ठरलेले. आणि कर्ता माहीत नसेल, सगळ्यांना माहीत असेल किंवा महत्त्वाचा नसेल तर काहीच लिहू नये. 'माय बॅग वॉज स्टोलन बाय समबडी' यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी काहीही कळत नाही.

आधी_कर्म
पलटापलटीच्या सरावाबद्दलच माझी तक्रार आहे. पॅसिव्ह कधी वापरायचा हे त्यात कुठेच येत नाही. दोन वाक्यं देतो: 'द कमिटी रिजेक्टेड द प्लॅन. इट हॅड बीन ड्रॉन अप इन अ हरी.' दुसऱ्या वाक्यात पॅसिव्ह का? कारण वाचकाच्या डोक्यात आता 'प्लॅन' आहे, तोच पुढच्या वाक्याचा कर्ता झाला की धागा तुटत नाही. 'समवन हॅड ड्रॉन इट अप' लिहिलं असतं तर मध्येच एक अनोळखी माणूस उपटला असता. प्रयोगशाळेतल्या नोंदीत 'द सोल्यूशन वॉज हीटेड' लिहितात तेही यासाठीच: लक्ष द्रावणावर आहे, बर्नर पेटवणाऱ्यावर नाही. एकेकट्या वाक्यावर हे कधीच शिकवता येत नाही, किमान दोन वाक्यांची जोडी लागते.

रफार
+१. आणि आज्ञार्थाचं पॅसिव्ह तर सरावातून काढूनच टाकावं. 'ओपन द डोअर'चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' करायला लावतात. दार उघडायला सांगताना असं कुणी म्हणत नाही.

वेलांटी
काढून कसं टाकणार? परीक्षेत येतं. उत्तर माहीत हवंच: 'लेट', मग कर्म, मग 'बी', मग तिसरं रूप. नकार असेल तर 'लेट इट नॉट बी टच्ड'. आणि विनंती असेल तर 'यू आर रिक्वेस्टेड टू', हे सूचनाफलकांवर खरोखर वापरात आहे. फक्त शेजारी स्पष्ट लिहावं की पहिली दोन रूपं परीक्षेपुरती आहेत.

प्रश्नार्थकात मात्र खरी गरज आहे. 'हू रोट धिस?' याचं पुस्तकी उत्तर 'बाय हूम वॉज धिस रिटन?', बोलण्यातलं 'हू वॉज धिस रिटन बाय?' दोन्ही बरोबर. 'डिड शी राइट इट?' यात 'डिड' उडतो आणि 'वॉज इट रिटन बाय हर?' होतं. 'डिड इट रिटन' लिहिणारे 'डिड' जपून ठेवतात. 'डू, डज, डिड' ॲक्टिव्हच्या प्रश्नापुरते येतात, 'बी' आला की त्यांचं काम संपतं.

अर्धाचहा
एक शंका. 'द विंडो वॉज ब्रोकन' म्हणजे खिडकी फुटलेली होती, की फोडली गेली?

कानामात्रा
@अर्धाचहा, दोन्ही. इंग्रजीत ते एकाच साच्यात पडतं. 'ब्रोकन' विशेषणासारखं असेल तर अवस्था, क्रियापद असेल तर घटना. मराठी इथे जास्त स्पष्ट आहे: 'फुटलेली होती' आणि 'फोडली गेली'. इंग्रजीत उलगडा करायला काहीतरी जोडावं लागतं. 'वॉज ब्रोकन लास्ट नाइट बाय अ स्टोन' म्हटलं की घटना. 'वॉज ऑलरेडी ब्रोकन व्हेन वी अराइव्ह्ड' म्हटलं की अवस्था. बोलताना घटनेसाठी 'गॉट ब्रोकन' म्हणतात, त्यात संदिग्धता उरत नाही. आणि 'वॉज बीइंग ब्रोकन' हे कधीही अवस्था होत नाही, कारण 'बीइंग' म्हणजे क्रिया चालू.

मोकळीओळ
'पीपल से दॅट ही इज रिच' याची दोन पॅसिव्ह: 'इट इज सेड दॅट ही इज रिच' आणि 'ही इज सेड टू बी रिच'. दुसऱ्यात काळ सांभाळा. आतली गोष्ट बाहेरच्या आधीची असेल तर 'टू हॅव बीन': 'ही इज सेड टू हॅव बीन रिच', म्हणजे पूर्वी श्रीमंत होता असं आज म्हणतात.

चौकटराजा
सगळं सोनं आहे, पण त्या चार रेघा तशाच आहेत. कानामात्रांच्या नियमाने 'हॅज बीन रायटिंग'चं 'हॅज बीन बीइंग रिटन' व्हायला हवं. होतं का?

तळटीप
होतं. रचना नियमात बसते, म्हणून 'अशक्य' म्हणणारी पुस्तकं चुकीची. वापर मात्र अगदी क्वचित, कारण 'बीन बीइंग' लागोपाठ आलं की कानाला खटकतं. म्हणून रेघेऐवजी 'टाळतात' असं लिहा.

यात एक इतिहास आहे, तो या प्रश्नाला थेट भिडतो. आज सरळसोट वाटणारं 'द हाउस इज बीइंग बिल्ट' हेसुद्धा इंग्रजीत तसं नवंच आहे. आधी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत आणि अर्थ तोच घेत. 'इज बीइंग' असलेलं पॅसिव्ह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागलं. रॉबर्ट साउदी या कवीच्या १७९५ च्या एका पत्रात ते सापडतं. एकोणिसाव्या शतकात काही व्याकरणकारांनी त्यावर कडाडून टीका केली, त्यांना 'इज'च्या शेजारी 'बीइंग' सहन होत नव्हतं. लोक वापरत राहिले आणि रूप स्थिरावलं. 'बी'ला 'बी' चिकटला की खटकतं, ही तीच जुनी अडचण आज त्या चार काळांत उरली आहे.

आधी_कर्म
आणि 'बी बीइंग' सगळीकडे मेलेलं नाही. 'वी मे बी बीइंग वॉच्ड', 'ही मस्ट बी बीइंग ट्रीटेड नाऊ' ही वाक्यं बोलण्यात सहज येतात. चालू क्रिया आणि अंदाज एकत्र सांगायचा असेल तर दुसरा सुटसुटीत मार्ग नाही, म्हणून लोक ती अडचण सोसतात. 'विल बी बीइंग' मात्र टाळता येतं, कारण 'विल बी रिटन'ने बहुतेक वेळा काम भागतं.

चौकटराजा
मग विद्यार्थ्याने 'दे हॅव बीन रिपेअरिंग द ब्रिज सिन्स मार्च' याचं काय करायचं? 'हॅज बीन रिपेअर्ड' लिहू द्यावं का?

कानामात्रा
अजिबात नको. 'हॅज बीन रिपेअर्ड' म्हणजे दुरुस्ती पूर्ण झाली, गाड्या सुरू. मूळ वाक्यात काम अजून चालूच आहे. अर्थच उलटतो, आणि 'सिन्स मार्च' लोंबकळत राहतं. 'इज बीइंग रिपेअर्ड सिन्स मार्च' हेही चूक, 'सिन्स'ला परफेक्ट हवा. ही दुसरी चूक मराठीतून येते: 'मार्चपासून दुरुस्त केला जात आहे' हे आपल्याकडे बिनचूक आहे, कारण मराठीला तिथे वेगळा काळ लागत नाही.

तीन मार्ग आहेत. ॲक्टिव्हच ठेवायचं, सर्वांत चांगलं. पूल पुढे आणायचाच असेल तर नाम वापरायचं: 'द ब्रिज हॅज बीन अंडर रिपेअर सिन्स मार्च'. परीक्षेत पॅसिव्हच मागितलं असेल तर 'हॅज बीन बीइंग रिपेअर्ड' लिहायचं, ते व्याकरणाने बरोबर आहे.

मोकळीओळ
'अंडर रिपेअर'सारखी अजून: 'अंडर कन्स्ट्रक्शन', 'अंडर डिस्कशन', 'अंडर रिव्ह्यू', 'इन यूज', 'ऑन ट्रायल'. ही सगळी चालू पॅसिव्हचं काम करतात आणि कुठल्याही काळात बसतात: 'विल बी अंडर कन्स्ट्रक्शन', 'हॅड बीन अंडर रिव्ह्यू'. प्रत्येक क्रियापदाला मात्र असं नाम नसतं. 'अंडर रायटिंग' म्हणत नाहीत.

चौकटराजा
ठरलं. चार ओळींत रेघेऐवजी रूप लिहितो, पुढे 'टाळतात', आणि त्याखाली 'अंडर'ची जोडी. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअसचं 'विल हॅव बीन बीइंग रिपेअर्ड' लिहू का?

वेलांटी
लिहा, तक्ता पूर्ण होतो. पण सरावाला एकही वाक्य देऊ नका. तिथे 'बाय मार्च द ब्रिज विल हॅव बीन अंडर रिपेअर फॉर अ इयर' द्या.